यंत्रमानवाच्या वर्गास गेलेले गुरुजी



'रोबो' हा शब्द आज आपल्या शाळांतील मुलांच्या तोंडी सर्रास ऐकू येतो. त्याचा जन्म मात्र कारखान्यात झालेला नसून रंगभूमीवर झालेला आहे. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचे नाटक लिहिले व १९२१ च्या जानेवारीत त्याचा प्रयोग प्राग शहरी झाला. त्या नाटकातील कृत्रिम कामकऱ्यांना काय म्हणावे असा प्रश्न पडला असता लेखकाचे बंधू योसेफ यांनी 'रोबोट' हा शब्द सुचविला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदाराकडे सक्तीने करून द्यावयाचे काम, म्हणजे आपल्याकडे ज्यास वेठ म्हणतात तेच. मराठीत 'यंत्रमानव' हा प्रतिशब्द रूढ झाला. तो अर्थवाही आहे यात शंका नाही. परंतु मूळ शब्दातील वेठीचा अंश त्यात राहिला नाही.

हा अंश येथे स्मरण्यास कारण आहे. उन्हाळी सुट्टीत प्रशिक्षणाचा कागद हाती पडला की पुष्कळ शिक्षकांच्या मनात प्रथम जो शब्द उमटतो तो हाच. वर्षभर शाळा, शाळेखेरीज गणना, याद्या आणि सर्वेक्षणे. त्यातून मोकळे झालेले चार आठवडेही पुन्हा बाकावर बसून घालवावयाचे, तेव्हा मन कडू होणे स्वाभाविक आहे. ही कडवट भावना खोटी नाही. ती झाकून ठेवण्यातही अर्थ नाही. आर्वी तालुक्यातील ज्या एका गुरुजींची हकीकत आज सांगावयाची आहे, त्यांच्याही मनात ती होतीच.

हे गुरुजी सातवीपर्यंतच्या एका जिल्हा परिषद शाळेत गणित व विज्ञान शिकवितात. वय पंचेचाळीसच्या आसपास, सेवा वीस वर्षांची. त्यांच्या शाळेस एका दात्याकडून यंत्रमानव बनविण्याच्या साहित्याची एक पेटी मिळाली. छोटा समारंभ झाला, छायाचित्र निघाले, पेटीची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत झाली आणि पेटी लोखंडी कपाटात गेली. नोंद झालेली वस्तू मोडली तर तिचे उत्तर द्यावे लागते, कपाटात राहिलेल्या वस्तूचे उत्तर मात्र कोणी मागत नाही. हे शहाणपण शाळेच्या कारभारात फार जुने आहे. मुख्याध्यापकांनी ते पाळले म्हणून त्यांना दोष देता येत नाही. दीड वर्ष पेटी तशीच राहिली. मुले अधूनमधून कपाटाच्या काचेतून तिच्या वेष्टनावरील चित्र पाहत. सहावीतील एका मुलीने एके दिवशी विचारले, "सर, ते चित्रच आहे का आत?"

या प्रश्नाने गुरुजी उठून लगेच प्रशिक्षणास गेले असे सांगितले तर गोष्ट सुबक होईल, पण ती खरी होणार नाही. ते आणखी एक सत्र स्वस्थ बसले. मग पुण्यातील एका संस्थेचे दहा दिवसांचे उन्हाळी वर्ग असल्याचे कळले तेव्हा घरात पुतणीचे लग्न होते, तिकीट मिळत नव्हते आणि वर्गाचे शुल्क स्वतःच्या खिशातून भरावयाचे होते. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून लग्न आटोपूनही दहा दिवस शिल्लक राहिले. हे दिवस नसते तर हा प्रवास घडला नसता.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आगेमागे असतो. बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड असा तो दीर्घ प्रवास विनाआरक्षित डब्यात, बहुतेक वेळ उभ्याने झाला. ते असो.

पहिला दिवस अपमानाचा गेला. अपमान कोणी केला नाही. तो आपोआप झाला. शिकविणारे तरुण अभियंते त्यांच्या निम्म्या वयाचे होते, सौजन्यशील होते, परंतु त्यांचे बोलणे भराभर चाले व त्यातील निम्मे शब्द अपरिचित असत. समोर आर्डुइनो नावाची निळी पट्टी होती. २००५ साली इटलीतील इव्हरेआ या गावच्या एका अभिकल्प-विद्यालयात, विद्यार्थ्यांना स्वस्तात वापरता यावी म्हणून ही पट्टी तयार झाली व तिची रचना सर्वांस खुली ठेवण्यात आली. म्हणूनच तिच्या नकला आज आपल्या बाजारात काही शे रुपयांत मिळतात. या पट्टीवरील एक दिवा एक सेकंद पेटवावयाचा व एक सेकंद विझवावयाचा, एवढाच पहिला पाठ. शेजारच्या विशीतील मुलाचा दिवा पाच मिनिटांत लुकलुकू लागला. गुरुजींचा दिवा दुपारपर्यंत लागला नाही. एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता.

अर्धविरामासाठी वीस वर्षे मुलांचे गुण कापणारा मनुष्य स्वतः अर्धविरामासाठी अडून बसला, ही गोष्ट त्यांनी पुढे आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत स्वतःच हसत सांगितली. त्या दिवशी मात्र हसू आले नव्हते. रात्री त्यांनी परतीच्या गाडीची चौकशी केली होती.

दुसऱ्या दिवशीचा पाठ मात्र त्यांच्या घरचा होता, निदान तसे वाटले. चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीला आज्ञा देऊन जमिनीवर समभुज त्रिकोण काढून घ्यावयाचा होता. पन्नास सेंटिमीटर पुढे जा, वळ, पुन्हा पुढे जा, वळ. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे सातवीच्या मुलासही ठाऊक असते. गुरुजींनी निःशंकपणे साठ लिहिले. गाडी पुढे गेली, साठ अंश वळली, पुढे गेली, पुन्हा साठ अंश वळली, आणि तिसरी बाजू पूर्ण झाल्यावर आरंभबिंदूपासून दूर जाऊन उभी राहिली. तिने षट्कोनाचा अर्धा भाग काढला होता.

त्यांनी गाडीस दोष दिला. चाके घसरत असतील म्हणून फरशी पुसली. अखेर ते उठले आणि गाडी बाजूस ठेवून स्वतः त्या वाटेने चालले. चालताना कळले की वळणाऱ्याला आतला कोन वळावयाचा नसतो, बाहेरचा वळावयाचा असतो. त्रिकोणात साठ नव्हे, एकशेवीस. तीन वळणे मिळून तीनशेसाठ, म्हणजे एक पूर्ण फेरा. चौकोनात नव्वदाची चार वळणे, तीही तीनशेसाठच. चौकोनात आतला व बाहेरचा कोन योगायोगाने सारखाच असल्यामुळे ही चूक आजवर कधी उघडी पडली नव्हती. बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश असते हा सिद्धांत त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. पण तो सिद्धांत पायांनी चालून त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिला.

येथे थोडे थांबणे योग्य होईल. अमेरिकेत सेमूर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ च्या सुमारास 'लोगो' नावाची संगणकभाषा मुलांसाठी रचली व पुढे तिच्या आज्ञेने जमिनीवर रेघ ओढीत चालणारे एक यंत्र-कासव तयार केले. त्यांचा आग्रह असा की यंत्राने मुलास शिकवावयाचे नसून मुलाने यंत्रास शिकवावयाचे आहे; आणि अडचण आली की मुलाने कासव होऊन स्वतः चालून पाहावे. पेपर्ट हे स्वित्झर्लंडमध्ये जाँ पियाजे यांच्याजवळ काही वर्षे काम केलेले गृहस्थ होते. अध्यापक विद्यालयात पियाजे यांचे नाव परीक्षेपुरते पाठ केलेल्या शिक्षकास ते नाव या वळणावर पुन्हा भेटावे, ही मौज आहे.

पुढील दिवस बरे गेले. प्रकाश पडला की ज्याचा विद्युत्‌रोध कमी होतो अशा डोळ्याने गाडीला काळी रेघ ओळखावयास शिकविले. दिव्यास जोडावयाचा रोध किती असावा याचे गणित त्यांनी तोंडी केले: पाच व्होल्टपैकी दोन व्होल्ट तांबडा दिवा घेतो, उरलेल्या तीन व्होल्टना २२० ओहमने भागले की सुमारे चौदा मिलिअँपियर. तरुण शिक्षक हे आकडे तक्त्यातून पाहत. त्या दिवसापासून त्यांच्या बाकाभोवती दोघे-चौघे जमू लागले.

रविवारी वर्गास सुट्टी होती. इतर मंडळी शनिवारवाडा व सिंहगड पाहण्यास गेली. गुरुजी शिरूर तालुक्यातील पाबळ या गावी गेले. या गावचा विज्ञान आश्रम प्रत्येक ग्रामीण शिक्षकाने एकदा पाहावा असा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळविलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. नंतर ते मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात आले आणि १९८३ साली त्यांनी या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुले तेथे लोहारकाम, सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती व पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी कामे करीत शिकतात. कामही खोटे नव्हे, गावाच्या उपयोगाचे. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षी, २००२ साली, मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तेथे 'फॅब लॅब' म्हणजे संगणकाच्या आज्ञेने वस्तू घडविणारी कार्यशाळा उभी राहिली. अमेरिकेबाहेर निघालेल्या अशा अगदी पहिल्या कार्यशाळांत पाबळची गणना होते. मुंबई, बंगळूर नव्हे, पाबळ! वेल्डिंगच्या ठिणग्यांच्या शेजारी संगणकाची पट्टी बनते आणि दोन्ही ठिकाणी हात काळे होतात, हे तेथे पाहावयास मिळते.

परतीच्या बसमध्ये गुरुजींना जे आठवले ते वर्ध्याचे होते. हे सारे आपल्या गावी एकदा घडून गेले आहे, अशी ती आठवण.

१९३७ च्या ऑक्टोबर महिन्याची २२ व २३ तारीख. मारवाडी शिक्षण मंडळाच्या वर्धा येथील विद्यालयात देशातील शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी. त्यांची सूचना अशी की, शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि ते एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारे व्हावे. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने डिसेंबरात अहवाल दिला, पुढच्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली आणि १९३८ साली हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन आर्यनायकम् दांपत्याने हे कार्य सेवाग्रामी (तेव्हाचे शेगाव) वाढविले. निरनिराळ्या प्रांतांतील शिक्षक पाटी-पुस्तकाऐवजी हाती टकळी घेण्यास याच जिल्ह्यात आले. त्यांतील किती जणांना ती वेठ वाटली असेल आणि किती जणांचा धागा पहिल्या दिवशी तुटून अपमान झाला असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

त्या योजनेचा गाभा टकळी नव्हता, समवाय होता. टकळीवर निघालेल्या सुताचा अंक काढावयाचा म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात हे पाहावयाचे. तेथे लांबी आली, वजन आले, त्रैराशिक आले. कापूस कोठला, माती कोणती, तो मँचेस्टरला का गेला, असे विचारले की भूगोल आला, इतिहास आला. उद्योग हा विषय नव्हे, विषयांचे द्वार, ही ती कल्पना. परंतु पुष्कळ शाळांत पुढे काय झाले? तपासणीचा दिवस आला की टकळ्या निघत, तो गेला की पेटीत जात. द्वारापाशी उभे राहून द्वाराचीच पूजा झाली. परिषदेतच अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या अंगाविषयी स्पष्ट विरोध दर्शविला होता. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च काढावयाचा ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. त्यांचा आक्षेप आज वाचला तरी त्यात जीव आहे असेच म्हणावे लागेल.

आता कपाटातील यंत्रमानवाच्या पेटीकडे पाहावे. टकळीची जी दशा झाली तीच तिचीही होणार नाही, याला आधार काय? भारत सरकारने २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी सुरू केल्या, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च प्राथमिक स्तरापासून संगणक-आज्ञालेखनाचा उल्लेख केला; साहित्य येत आहे, पुढे आणखी येईल. पण साहित्याने समवाय होत नाही. चित्राबरहुकूम सुटे भाग जोडले, गाडी चालली, टाळ्या पडल्या, पेटी बंद, एवढेच झाले तर ती टकळीच होय, फक्त महाग.

चरखा व यंत्र यांत वैर मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्या काळचे एक लाख! अटी अशा होत्या की यंत्र झोपडीत हाताने वा पायाने चालविता यावे, स्त्रीला आठ तास फार श्रम न होता चालवता यावे, आठ तासांत सोळा हजार वार सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांवर नसावी आणि यंत्र वीस वर्षे टिकावे. पारितोषिक कोणास मिळाले नाही. परंतु या अटी अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्यापुढे आजही ठेवाव्यात अशा आहेत: कोणासाठी, कोठे, किती श्रमात, किती खर्चात आणि किती वर्षे. गुरुजींनी या पाच प्रश्नांचा तक्ता करून आपल्या वर्गात लावला आहे. वर्ध्याचे मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ पासून आपल्या गावात आहे. मुलांची सहल तेथे नेली तर या प्रश्नांची काही उत्तरे डोळ्यांनी पाहता येतात.

शाळा उघडल्यावर गुरुजींनी पेटी लगेच काढली नाही. आनंददायी शनिवारच्या तासाला मुलांना अंगणात निंबाखाली नेले. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, तो यंत्रमानव. दुसऱ्याने त्याला तोंडी आज्ञा देऊन हापशापर्यंत न्यावयाचे. "जा" म्हटले तर तो जात नाही. किती पावले, कोणत्या दिशेस, हे सांगावे लागते. "वळ" म्हटले तर किती ते सांगावे लागते. पहिल्या दिवशी यंत्रमानव कुंपणात शिरला. मग राखेने रेघ ओढून त्रिकोण काढविला. सगळ्या वर्गाने साठ अंश सांगितले, एकानेही एकशेवीस सांगितले नाही. गुरुजी गप्प बसले. आदल्या वर्षी त्यांनी लगेच फळ्याकडे धाव घेतली असती. त्या तासाला उत्तर निघाले नाही, दुसऱ्या शनिवारीही नाही. मधल्या आठवड्यात पाचवीतील दोन मुलींनी घराच्या अंगणात चालून चालून ते काढले. या सर्वांस खर्च शून्य आला. ज्या शाळांत पेटी नाही, वीज नाही, त्या शाळांनीही हा पाठ करून पाहण्यास हरकत नाही. वीजबिल थकून पुरवठा तुटलेल्या शाळा राज्यात थोड्या नाहीत.

मग पेटी निघाली. नियम दोन. पहिला, स्क्रूड्रायव्हर प्रथम मुलींच्या हाती. कारण पहिल्या दिवशी सुटे भाग मुलांनी ताब्यात घेतले आणि मुली वहीत नोंदी करीत बसल्या, हे गुरुजींच्या लक्षात आले होते. दुसरा, मोडले तर सांगावयाचे, लपवावयाचे नाही. दुसरा नियम मुख्याध्यापकांस पटविणे पहिल्यापेक्षा कठीण गेले.

पाऊस लांबलेल्या त्या दिवसांत एक प्रसंग घडला तो सविस्तर सांगितला पाहिजे. गाडीच्या पुढे अंतर मोजणारे एक यंत्र असते. ते दर सेकंदास चाळीस हजार कंपनांचा, माणसास ऐकू न येणारा ध्वनी सोडते आणि तो भिंतीवर आपटून परत येण्यास लागलेला वेळ मोजते, वटवाघूळ करते तसेच. वेळेस ध्वनीच्या वेगाने गुणावयाचे व दोनाने भागावयाचे की अंतर मिळते. पुण्यात शिकविलेल्या ओळींत हा वेग प्रत्येक मायक्रोसेकंदास ०.०३४ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदास ३४० मीटर, असा लिहून ठेवलेला होता. मुलांनी भिंतीपासून बरोबर एक मीटरवर गाडी ठेवली. यंत्राने शहाण्णव दाखविले. पुन्हा ठेवली, पुन्हा शहाण्णव. पन्नास सेंटिमीटरवर अठ्ठेचाळीस. मुलांनी फूटपट्टीवर अविश्वास दाखवून सुताराचा टेप आणला. तरी तेच.

यंत्र खराब आहे असे म्हणून सोडून देणे सोपे होते. पण चूक प्रत्येक वेळी त्याच प्रमाणात होत होती. खराब वस्तू इतकी नियमित नसते. गुरुजींनी विचारले, ज्या ठिकाणी हा आकडा लिहिला गेला तेथे आणि येथे फरक काय? पुष्कळ उत्तरे आली. मागच्या बाकावरचा एक मुलगा घाम पुसत म्हणाला, "गर्मी, सर." सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. हवा तापली की ध्वनी जलद धावतो. दर अंशास सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. शून्य अंशाला ३३१ मीटर, म्हणून ३४० हा वेग चौदा-पंधरा अंशांच्या थंड खोलीतला. वर्गातील तापमापक अडतीस दाखवीत होता. मुलांनी उलट त्रैराशिक मांडले: शहाण्णवाचे शंभर, तर ०.०३४ चे किती? ०.०३५४. आणि तापमानावरून काढलेला वेग आला सेकंदास ३५४ मीटर. दोन वाटांनी निघालेले दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी बसले तेव्हा वर्गात कोणी बोलले नाही. परक्या ठिकाणी लिहिलेला आकडा खोडून सातवीच्या मुलांनी तेथे आपल्या गावच्या उन्हाचा आकडा लिहिला. त्यानंतर यंत्र शंभर दाखवू लागले.

सर्वच प्रयोग असे फळले नाहीत. कपाशीच्या शेतातील ओल सांगणारे यंत्र करावे असे मुलांच्या मनात आले. स्वस्त मिळणारी दोन टोकांची पट्टी मातीत खोवली. पहिले आठ दिवस आकडे बरे आले. मग पावसाने ओढ दिली, काळ्या मातीला भेगा पडल्या आणि पट्टीभोवती माती राहिलीच नाही, हवा राहिली. दोन आठवड्यांत पट्टीवरील धातूही विजेच्या प्रवाहाने खाल्ला गेला. शेताचे मालक, एका विद्यार्थिनीचे वडील, हे सर्व शांतपणे पाहत होते. ते म्हणाले, "गुरुजी, मुठीत माती दाबली का समजते मले. त्याले तार कायले लावता?" गुरुजींनी त्यांनाच शाळेत बोलाविले. मूठ उघडल्यावर ढेकूळ टिकले तर काय, फुटले तर काय, बोटांस ओल लागली तर काय, हे त्यांनी मुलांस दाखविले आणि मुलांनी त्याच्या पायऱ्या लिहून घेतल्या. यंत्र अद्याप त्या पायऱ्यांपर्यंत पोचलेले नाही.

ज्यांना पेटी काढावयाची आहे त्यांच्यासाठी अनुभवाचे दोन शब्द. चौकोनी नऊ व्होल्टचा सेल मोटारीस जोडू नये. तो दिवा पेटवितो, पण चाके फिरविण्याइतका प्रवाह देऊ शकत नाही, गाडी दोन हात जाऊन थांबते आणि मुलांचा विरस होतो. पुन्हा भरता येणारे पेन्सिल सेल घ्यावेत. आणि सेल जोडण्यापूर्वी तांबडी व काळी तार कोणती हे दोघांनी पाहावे, एकाने नव्हे.

हा दुसरा शब्द महाग पडून शिकलेला आहे. ऑगस्टमध्ये एका मुलीने तारा उलट जोडल्या आणि मोटारींना प्रवाह वाटून देणारी छोटी पट्टी धूर सोडून जळाली. मुलगी रडली नाही. नियमाप्रमाणे उठून सांगावयास आली. तोपर्यंत वर्गात वास पसरलाच होता. गुरुजींनी पट्टी उघडून सर्वांस दाखविली, कोठे जळाली ते भिंगातून पाहविले, आणि मग ती कागदात गुंडाळून मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मुख्याध्यापकांनी जडवस्तुसंग्रह नोंदवही काढली. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. 'गहाळ' लिहिता येत नव्हते, 'निर्लेखित' लिहिण्यास वरिष्ठांची मंजुरी लागते. अखेर त्यांनी लिहिले: "इयत्ता सहावीच्या विद्यार्थिनींकडून वापरताना जळाली. नवी मागविणे." आणि खाली सही केली.